स्नान, साक्ष आणि नवा जन्म : मराठी ख्रिस्ती आत्मकथनांतील बाप्तिस्म्याचा अर्थ

प्रस्तावना

मराठी वाङ्मयेतिहासात रेव्हरंड नारायण वामन टिळक यांच्या चरित्रटिपणात १० फेब्रुवारी १८९५ ही तारीख सहसा चुकत नाही. त्या दिवशी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. बाबा पदमनजी यांच्या नावापुढे १८५४ आणि बेळगाव, पंडिता रमाबाईंच्या नावापुढे २९ सप्टेंबर १८८३ आणि इंग्लंडमधील वाँटेज, लक्ष्मीबाई टिळकांच्या नावापुढे १९०० अशा नोंदी येतात. या तारखांच्या आधारे या लेखकांच्या आयुष्याचे आणि लेखनाचे ‘धर्मांतरापूर्वीचे’ व ‘धर्मांतरानंतरचे’ असे दोन भाग पाडण्याची पद्धत समीक्षेत रूढ झालेली आहे. जणू एका सकाळी पाण्याचे चार थेंब डोक्यावर पडले आणि माणूस एका धर्मातून दुसऱ्या धर्मात गेला.

या लेखकांची आत्मकथने मात्र असे सांगत नाहीत. त्यांत संस्काराचा दिवस आणि अंतःकरण पालटल्याचा दिवस हे बहुधा एक नसतात. दोहोंत कधी आठ वर्षांचे अंतर असते, कधी आध्यात्मिक पालट आधी आणि संस्कार नंतर असा क्रम असतो. बाप्तिस्म्याला त्यांनी दिलेला अर्थ समजून घ्यावयाचा तर हे अंतरच वाचले पाहिजे. प्रस्तुत लेखात ‘अरुणोदय’, रमाबाईंची साक्ष व ‘स्मृतिचित्रे’ या तीन आत्मपर लेखनांच्या आधारे आणि टिळकांनी साताऱ्यात मांडलेल्या ‘देवाचा दरबार’ या कल्पनेच्या संदर्भात हा विचार केला आहे.

संज्ञांचा विचार

‘बाप्तिस्मा’ हा ग्रीक मुळाचा शब्द असून बुडविणे, बुचकळून काढणे हा त्याचा धात्वर्थ. यार्देन नदीत योहान लोकांना पश्चात्तापाचा बाप्तिस्मा देत होता व स्वतः येशूनेही तो त्याच्या हातून घेतला, असे शुभवर्तमाने सांगतात. महाराष्ट्रातील वाचकाला नदीस्नान नवे नाही. कराडच्या प्रीतिसंगमावर कृष्णा-कोयनेच्या पाण्यात बुडी मारणारा यात्रेकरू पापक्षालनाचीच भावना मनात धरतो. तथापि तीर्थस्नान पुनःपुन्हा करावयाचे असते. पर्वणी आली की पुन्हा स्नान, सुतक फिटले की पुन्हा स्नान. ख्रिस्ती बाप्तिस्मा आयुष्यात एकदाच होतो, कारण त्याची तुलना धुण्यापेक्षा जन्माशी आणि मृत्यूशी अधिक आहे. रोमकरांस लिहिलेल्या पत्रात पौलाने बाप्तिस्म्याला ख्रिस्ताबरोबरचे दफन म्हटले आहे. पाण्याखाली जाणे म्हणजे मरणे आणि वर येणे म्हणजे नव्या जीवनात उठणे. मेलेला माणूस पर्वणीनुसार पुन्हा मरत नाही.

आध्यात्मिक नव्या जन्माची कल्पना योहानाच्या शुभवर्तमानाच्या तिसऱ्या अध्यायातील निकदेमाच्या प्रसंगात येते. निकदेम हा परूशी, शास्त्र जाणणारा, समाजात मान असलेला गृहस्थ. तो रात्री येशूकडे येतो आणि म्हातारपणी माणूस पुन्हा कसा जन्मेल, असा अगदी भाबडा वाटणारा प्रश्न विचारतो. या भाबडेपणाचे मूळ भाषेत आहे. तेथे योजलेल्या ग्रीक शब्दाचे ‘पुन्हा’ आणि ‘वरून’ असे दोन अर्थ होतात. निकदेम पहिला अर्थ धरतो, येशूला दुसराही अभिप्रेत आहे. मराठी भाषांतरात ‘नव्याने’ हा शब्द स्थिर झाला. त्यात ‘वरून’ ही छटा हरवली, परंतु एक मोठी अडचण टळली. ‘पुनर्जन्म’ हा शब्द योजला असता तर मराठी वाचकाच्या मनात कर्मसिद्धान्त आणि चौऱ्यांशी लक्ष योनी उभ्या राहिल्या असत्या. म्हणून मराठी ख्रिस्ती परिभाषेने ‘नवा जन्म’ हा शब्द जवळ केला. तो कानाला साधा वाटतो, पण त्याच्यामागे दोन तत्त्वज्ञानांतील सीमारेषा आहे.

येथे आणखी एक शब्द अडथळा म्हणून उभा आहे, तो ‘द्विज’. मौंजीबंधनाने ब्राह्मण बटूचा दुसरा जन्म होतो, ही धारणा टिळकांच्या काळात सर्वपरिचित होती. म्हणजे टिळक बाप्तिस्म्याला गेले तेव्हा परंपरेच्या हिशेबाने ते एकदा पुन्हा जन्मलेले होतेच. त्या दुसऱ्या जन्माला पहिल्या जन्माची अट होती. विशिष्ट घरी जन्मल्यावाचून तो मिळत नसे. नव्या जन्माला कोणत्या घराची अट नसावी, हा प्रश्न मराठी ख्रिस्ती लेखकांनी सोडविला की नाही हे पुढे पाहावयाचे आहे.

संस्कारच नव्या जन्माचे साधन आहे की तो आधी घडलेल्या पालटाची केवळ खूण आहे, याविषयी ख्रिस्ती पंथांत एकवाक्यता नाही. कॅथलिक मंडळी संस्कारातच कृपा प्रत्यक्ष कार्य करते असे मानते व तान्ह्या मुलांनाही बाप्तिस्मा देते. बॅप्टिस्ट परंपरा जाणत्या वयातील कबुलीशिवाय तो देत नाही. क्वेकर पंथीय पाण्याचा बाप्तिस्मा घेतच नाहीत. हा वाद दीर्घ आहे आणि त्याचा निवाडा करणे येथे प्रयोजन नाही.

‘अरुणोदय’ : उघडपणाचे मोल

बाबा पदमनजी (१८३१–१९०६) यांचे ‘अरुणोदय’ हे आत्मचरित्र १८८८ साली प्रसिद्ध झाले. शीर्षकात पाणी नाही, पहाट आहे. पहाट एका क्षणी होत नाही. पदमनजींनी लहानपणची व्रतवैकल्ये, घरातील देवभक्ती, बेळगाव व मुंबई येथील मिशन शाळांतील शिक्षण, मनातील शंका आणि नातलगांविषयीचे भय हे सर्व बारकाईने सांगितले आहे. श्रद्धा पटलेली आहे आणि तरी संस्कार लांबतो आहे, अशी अवस्था या ग्रंथात बरीच पाने व्यापते. केवळ कथनाच्या दृष्टीने पाहिल्यास ही पाने काहीशी संथ वाटतात. अर्थाच्या दृष्टीने तीच महत्त्वाची आहेत.

पदमनजी काही काळ परमहंस मंडळीत होते. १८४९ च्या सुमारास मुंबईत स्थापन झालेल्या या मंडळीचे सभासद जातिभेद मानीत नसत, परंतु हे व्रत गुप्तपणे पाळीत. बंद दाराआड ख्रिस्ती माणसाच्या हातचा पाव खावयाचा आणि बाहेर आल्यावर जातीचे सर्व आचार पाळावयाचे, अशी ही सुधारणा होती. या पार्श्वभूमीवर पदमनजींच्या बाप्तिस्म्याचा अर्थ स्पष्ट होतो. मत बदलण्यासाठी त्यांना संस्काराची गरज नव्हती, मत तर आधीच बदलले होते. बदललेले मत चारचौघांत सांगणे आणि त्याचे परिणाम सोसणे यासाठी संस्कार हवा होता. परमहंसांच्या पावात आणि पदमनजींच्या पाण्यात जो फरक आहे तो धर्मविचाराचा आहे तितकाच धैर्याचाही आहे.

हे परिणाम केवळ मानसिक नव्हते. १८४३ साली नारायण शेषाद्री यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत हा मिशनऱ्यांकडे राहिला होता, पण त्याचा बाप्तिस्मा झालेला नव्हता. न्यायालयाने त्याला वडिलांच्या स्वाधीन केले आणि त्याला शुद्ध करून जातीत घ्यावे की नाही यावरून मोठे वादळ उठले. बाळशास्त्री जांभेकरांनी त्याच्या शुद्धीकरणाची बाजू घेतली आणि त्याबद्दल सनातन्यांचा रोष ओढवून घेतला. पाणी पडले होते की नव्हते, या एका गोष्टीवर दोन सख्ख्या भावांच्या वाटा निराळ्या झाल्या. पुढे १८५० च्या कायद्याने धर्मांतरामुळे वारसाहक्क जाऊ नये अशी तरतूद केली आणि १८६६ च्या कायद्याने, ख्रिस्ती झालेल्या व्यक्तीबरोबर तिचा जोडीदार नांदावयास तयार नसेल तर विवाह रद्द करून घेण्याची वाट मोकळी केली. सरकार, न्यायालय आणि जात या तिघांनाही तारीख हवी होती. वाङ्मयेतिहासकारांची तारखेची ओढ कदाचित येथूनच आली असावी.

रमाबाईंची साक्ष : धर्म आधी, ख्रिस्त नंतर

पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये वाँटेज येथील अँग्लिकन भगिनीसंघाच्या आश्रयाने, कन्या मनोरमेसह झाला. त्यानंतरही त्रैक्य, येशूचे ईश्वरत्व, चर्चचा अधिकार या प्रश्नांवर त्यांनी आपल्या धर्मगुरुभगिनी सिस्टर जेराल्डिन आणि चेल्टनहॅम येथील डोरोथिया बील यांच्याशी केलेला पत्रव्यवहार प्रसिद्ध आहे. बाप्तिस्मा घेतला म्हणजे प्रश्न विचारण्याचा अधिकार सोडला, हे रमाबाईंना मान्य नव्हते. जेराल्डिनबाईंना त्यात अहंकार दिसला. आजच्या वाचकाला तो प्रामाणिकपणा वाटेल.

१९०७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या साक्षीत रमाबाईंनी या काळाकडे वळून पाहिले आहे. आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, पण त्या धर्माचा प्राण जो ख्रिस्त तो सापडला नव्हता, असा त्यांच्या कथनाचा आशय आहे. तो सापडला १८९१ च्या सुमारास, म्हणजे संस्कारानंतर आठ वर्षांनी. त्याला निमित्त झाले विल्यम हॅस्लम या इंग्रज धर्मगुरूचे ‘फ्रॉम डेथ इंटू लाइफ’ हे आत्मकथन. हॅस्लम रीतसर दीक्षित धर्मगुरू होता, देवळे बांधीत होता, लोकांना बाप्तिस्मा देत होता आणि एके दिवशी व्यासपीठावरून प्रवचन करीत असतानाच आपलेच अंतःकरण अद्याप पालटलेले नाही याची जाणीव होऊन त्याचा नवा जन्म झाला. संस्कार देणाराच नव्या जन्मावाचून राहू शकतो, हे वाचून रमाबाईंना आपला प्रश्न उमगला.

या कबुलीचे समीक्षेने पुरेसे मोल केलेले नाही. रमाबाईंच्या विरोधकांनी १८८३ ची घटना विश्वासघात म्हणून मोजली, समर्थकांनी विजय म्हणून. दोन्ही पक्षांनी ज्या तारखेवर वाद घातला ती खुद्द रमाबाईंच्या लेखी अपुरी होती. शारदा सदनाचा वादही या प्रकाशात वेगळा दिसतो. १८८९ साली मुंबईत स्थापन झालेली व पुढच्याच वर्षी पुण्यास हलविलेली ही संस्था चालविणारी बाई ख्रिस्ती आहे हे सर्वांना पहिल्यापासून माहीत होते. तरीही रानडे-भांडारकर प्रभृतींनी सल्लागार मंडळातून अंग काढून घेतले ते १८९३ मध्ये. पुण्याला बाप्तिस्मा घेतलेली विदुषी चालली, पण नवा जन्म झालेली आणि प्रार्थनेचे दार उघडे ठेवणारी ख्रिस्ती स्त्री चालली नाही, असे म्हणण्यास जागा आहे.

‘स्मृतिचित्रे’ : सोवळ्याच्या पाण्यापासून

या सर्व लेखनात वाङ्मयीन दृष्ट्या आणि या विषयाच्या दृष्टीनेही सर्वश्रेष्ठ कृती ‘स्मृतिचित्रे’ हीच होय. १९३४ ते १९३६ या काळात चार भागांत प्रसिद्ध झालेला हा ग्रंथ महाविद्यालयीन अध्यापनात बहुधा एका विक्षिप्त कवीच्या पत्नीची खुसखुशीत संसारकथा म्हणून शिकविला जातो. विनोद, निवेदनाची सहजता, घरगुती भाषा ही त्याची वैशिष्ट्ये सांगून तास संपतो. लक्ष्मीबाईंचा धार्मिक अनुभव हा प्रश्नपत्रिकेत न येणारा भाग. हे वाचन चुकीचे नाही, अर्धे आहे.

ग्रंथाचा प्रारंभच पाण्याने होतो, हे ध्यानात घ्यावयास हवे. लक्ष्मीबाईंच्या मातुल आजोबांना १८५७ च्या धामधुमीत फाशी झाली आणि त्या धक्क्याने वडिलांच्या मनात सोवळ्याचे वेड शिरले. बाजारातून येणारी जिन्नस धुतल्यावाचून घरात येत नसे. घरातील सर्व माणसे या धुण्याच्या धाकाखाली वावरत. लक्ष्मीबाई हे सारे हसत हसत सांगतात, परंतु चित्र भयाचे आहे. कितीही धुतले तरी शुद्ध होत नाही, असे हे पाणी आहे. एका स्त्रीच्या ख्रिस्ती होण्याची कथा अशा पाण्यापासून सुरू होते, हा योगायोग म्हणून सोडून देता येत नाही. लक्ष्मीबाईंनी तो हेतुतः साधला असेल असे मात्र नव्हे. त्या प्रतीके जुळवीत बसणाऱ्या लेखिका नव्हेत.

टिळकांच्या धर्मांतराची वाट एका आगगाडीच्या प्रवासात सुरू झाली. १८९३ साली एका युरोपीय सहप्रवाशाने त्यांना नवा करार दिला व दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असे भाकीत केले. त्याप्रमाणे झालेही. बाप्तिस्मा हिंदी धर्मोपदेशकाच्या हातून व्हावा असा त्यांचा कटाक्ष होता. या घटनेची दुसरी बाजू ‘स्मृतिचित्रे’त आहे. टिळकांचा नवा जन्म झाला त्याच दिवशी लक्ष्मीबाईंच्या वाट्याला नवरा जिवंत असताना पोरकेपण आले. नवजन्माच्या धर्मशास्त्रात या दुसऱ्या व्यक्तीला जागा नाही. पौल मरणाची आणि पुनरुत्थानाची भाषा बोलतो, पण ज्यांच्यासाठी तो माणूस खरोखरच मेला त्या घरच्यांचे काय, हे पत्रात येत नाही. लक्ष्मीबाईंनी ती जागा भरून काढली आणि तीही नवऱ्याविषयी कडवटपणा न धरता.

सुमारे पाच वर्षांच्या ताटातुटीनंतर त्या टिळकांकडे नगर जिल्ह्यात आल्या त्या ख्रिस्ती होण्यासाठी नव्हे, तर संसारासाठी. सोवळे कायम, स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळे. टिळकांनी त्यांना कधी बळजबरी केली नाही, हे नमूद केले पाहिजे. या काळात एके दिवशी विचार करता करता त्यांच्या मनात आले की देवाने माणूस निर्माण केला, जाती काही त्याने केल्या नाहीत. मग हा विटाळ कोणाचा? त्या दिवसापासून कोणाच्याही हातचे खाण्यापिण्याचा त्यांनी निश्चय केला. तेथे प्रवचन नव्हते, पाळक नव्हता, प्रार्थनाही नव्हती. वडिलांच्या घरी सुरू झालेले धुणे येथे थांबले. रीतसर बाप्तिस्मा पुढे १९०० साली झाला.

‘स्मृतिचित्रे’चे मर्म या प्रसंगात आहे असे प्रतिपादन करता येते. ज्याला निकदेम ‘कसे होईल’ म्हणून विचारतो ते येथे एका मराठी बाईच्या बाबतीत होते आणि ते होते अन्नपाण्याच्या व्यवहारात. लक्ष्मीबाईंचा नवा जन्म सिद्धान्ताच्या स्वीकारातून आलेला नाही, शेजाऱ्याविषयीचा किळस गेल्यातून आला आहे. काहींना हा अर्थ फार ऐहिक वाटेल. पापाची जाणीव, क्षमा, तारण या पारंपरिक पायऱ्या त्यात ठळक नाहीत, हा आक्षेप खराही आहे. पण महाराष्ट्रात जात हेच ज्याच्या-त्याच्या अंगी मुरलेले पाप असेल, तर पश्चात्ताप दुसरा कशाचा करावयाचा?

साताऱ्याचा दरबार

टिळकांच्या आयुष्याचे अखेरचे पर्व साताऱ्यात घडले. कराड-मलकापुराहून महामार्गाने तासाभरात गाठता येणाऱ्या या गावी १९१७ मध्ये त्यांनी ‘देवाचा दरबार’ मांडला. तत्पूर्वी मिशनची पगारी चाकरी त्यांनी सोडली होती व ख्रिस्ती संन्यासवृत्ती पत्करली होती. या दरबाराची कल्पना धर्मशास्त्रीय दृष्ट्या धाडसी होती. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले अशा दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तशिष्यांचा तो बंधुसंघ व्हावयाचा होता.

येथे ‘अरुणोदय’ आणि दरबार यांची गाठ पडते आणि ती सोपी नाही. पदमनजींच्या दृष्टीने बाप्तिस्मा टाळणे म्हणजे परमहंसांचा पाव खाणे. जो उघड होत नाही त्याच्या नव्या जन्मावर विश्वास कसा ठेवावा? टिळकांना हा प्रश्न ठाऊक नव्हता असे नाही. त्यांनी स्वतः बाप्तिस्म्याची पूर्ण किंमत मोजली होती आणि धर्मोपदेशक म्हणून ते स्वतःही दीक्षित झाले होते. तथापि मधल्या वीस-बावीस वर्षांत त्यांनी आणखी एक गोष्ट पाहिली होती. महाराष्ट्रात बाप्तिस्मा ही साक्ष न राहता जातीबाहेर जाण्याची आणि मिशनच्या आवारात शिरण्याची खूण बनली होती. पाण्याने माणूस ख्रिस्ताशी जोडला जाण्याऐवजी आपल्या लोकांपासून तोडला जात होता. तुकारामांच्या वाटेने आपण ख्रिस्तापर्यंत आलो असे मानणाऱ्या कवीला ही तोड सहन होणे शक्य नव्हते. ‘अभंगांजली’ची रचना अभंगछंदात करणाऱ्या आणि बाप्तिस्म्यानंतरही ‘नारायण वामन’ हे विष्णूचे दुहेरी नाव निःसंकोच मिरविणाऱ्या टिळकांच्या वृत्तीशी ते सुसंगतच आहे. नीलकंठशास्त्री गोरे हे नेहेम्या झाले, रमाबाईंना मेरी रमा हे नाव मिळाले. टिळकांनी नाव बदलले नाही.

दरबाराला काळ लाभला नाही. ९ मे १९१९ रोजी टिळक मुंबईत निवर्तले. चरित्रकार जे. सी. विन्स्लो यांनी टिळकांच्या प्रेरणेतून पुढे ख्रिस्त सेवा संघ काढला, पण बाप्तिस्मा न घेतलेल्यांना बरोबरीचे स्थान देण्याचा मूळचा आग्रह मराठी ख्रिस्ती मंडळीत रुजला नाही. तो रुजावयास हवा होता की नव्हता याविषयी मतभेद राहतील. टिळकांच्या बाजूने इतके म्हणता येते की त्यांनी संस्कार रद्द केला नाही. संस्काराची कुंपण म्हणून झालेली नेमणूक तेवढी रद्द करू पाहिली. त्यांच्या विरुद्ध असे म्हणता येते की कुंपणाबाहेर राहण्याची मुभा ज्यांना मिळाली असती ते बहुधा उच्चवर्णीयच होते, कारण गमावण्यासारखी जात त्यांच्याकडेच होती.

न लिहिलेली आत्मकथने

ही शेवटची बाब या संपूर्ण विवेचनाला मर्यादा घालते. पदमनजी कासार कुटुंबातील, रमाबाई व टिळक दांपत्य ब्राह्मण. नगर, सातारा, सांगली-मिरज या पट्ट्यात मिशनच्या मंडळ्यांत आलेल्या लोकांत महार-मांग समाजातील कुटुंबे फार मोठ्या संख्येने होती. त्यांच्या बाप्तिस्म्याचा अर्थ त्यांच्याच शब्दांत फारसा उपलब्ध नाही. त्यांच्यासाठी बाप्तिस्म्याने जात सुटण्याचा प्रश्न वेगळ्या बाजूने उभा होता. शाळेची पाटी आणि मिरजेला डॉ. वानलेस यांनी १८९४ मध्ये उघडलेल्या रुग्णालयासारखे विटाळ न मानणारे दार यांचा नव्या जन्माशी काही संबंध नव्हता, असे म्हणण्याचा अधिकार पोटभर जेवलेल्या टीकाकाराला नाही. ‘पोटासाठी ख्रिस्ती’ हे हिणविणे मराठीत फार सहजपणे चालत आले. लक्ष्मीबाईंचा नवा जन्म दुसऱ्याच्या हातचे पाणी पिण्यात झाला हे मान्य केले, तर ज्याच्या हातचे पाणी कोणी तरी प्रथमच प्यायले त्याच्या आयुष्यातही त्या क्षणी काही जन्मले असले पाहिजे.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांपैकी एकीत आपला नवा जन्म होत असल्याची कबुली आहे. तेथे पाणी नव्हते, स्वर्गातून येणारा आत्मा नव्हता, पण निकदेमाला न कळलेला शब्द होता आणि तो लाखोंनी एकत्र उच्चारला. मराठीतील ‘नवा जन्म’ या शब्दप्रयोगाचा इतिहास लिहावयाचा झाल्यास बेळगाव, वाँटेज, सातारा आणि नागपूर ही स्थळे एकाच नकाशावर घ्यावी लागतील.

राज्यव्यवस्थेला मात्र अजूनही तारीखच हवी आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा ख्रिस्ती झालेल्या व्यक्तीला मिळत नाही. पुदुच्चेरीतील एका स्त्रीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये निर्णय देताना तिच्या तान्हेपणी झालेल्या बाप्तिस्म्याची नोंद पुराव्यात विचारात घेतली. निव्वळ आरक्षणासाठी श्रद्धेविना धर्म सांगता येणार नाही, हा न्यायालयाचा मुद्दा कायद्याच्या चौकटीत समजण्याजोगा आहे. परंतु बाळपणी झालेल्या संस्काराची नोंद आणि प्रौढ स्त्रीचे अंतःकरण यांतील अंतर मोजण्याचे साधन त्या नोंदवहीत नसते. रमाबाईंना ते अंतर मोजावयास आठ वर्षे लागली होती.